२४ फूट रुंद खोली, मध्ये एकही खांब नको: लाकडी कैच्यांचं छप्पर कसं करावं?

गिरणारेकर:

नमस्कार मंडळी. नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना आमची थोडी जमीन आहे. तिथे घराला लागून एक मोठी खोली बांधायची आहे. आतलं माप २४ बाय ३६ फूट, भिंती १२ फूट उंच. बायको कथक शिकवते. सध्या क्लास भाड्याच्या हॉलमध्ये भरतो आणि तिथे ऐन मध्यावर दोन खांब आहेत. चक्कर घेताना मुली त्या खांबांच्या भीतीने अंग आखडून घेतात, हे मी सहा वर्षं बघतोय. म्हणून नव्या खोलीत खांब नाही, हे पक्कं.

छप्पर लाकडी हवं, वर मंगलोरी कौलं, आणि आतून थेट आढ्यापर्यंत मोकळं. गवंडी म्हणतात स्लॅब टाका. सुतार म्हणतात, "समोरासमोर वासे टेकवू, आढ्याला बोल्ट मारू, मध्ये तुळई घालायची गरज नाही." ऐकायला हेच आवडलं, पण २४ फुटांच्या गाळ्याला हे चालतं का, याची खात्री वाटत नाही.

लाकूड कुठलं घ्यावं, कैच्या (वासे आणि तुळई जोडून केलेले त्रिकोणी सांगाडे) किती अंतरावर असाव्यात, मामांच्या पेठकडच्या बांधावर सागाची दहाबारा झाडं आहेत ती वापरता येतील का? आणि आईला एका टोकाला झोपाळा हवा आहे, तो तुळईला टांगता येईल का? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

तिवंधा_गल्ली:

दादा, सुताराचं ऐकून वासे चढवू नका. आधी हे वाचा.

जुन्या नाशकातला आमचा वाडा आठवतो. दोन तुळयांमधला खण जेमतेम पाच-साडेपाच फुटांचा. दिवाणखाना मोठा दिसायचा, पण खांबांच्या रांगा होत्याच. सरकारवाड्यात गेलात तर तिथेही खांबच दिसतील. वाडा बांधणारे कसबी होते, पण वाड्याची सगळी रचनाच खण मोजून आणि खांब रोवून केलेली. खांबाशिवाय २४ फूट ओलांडणं हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याला कैचीच लागते.

वासे नुसते टेकवले की काय होतं, ते आमच्याच घरात झालं. मागच्या पडवीवरच्या खोलीत माळ्यावर उभं राहता येईना, म्हणून काकांनी १९८०च्या सुमाराला एक तुळई कापून काढली. छप्पर लगेच पडलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला वरच्या बाजूला आडवी भेग दिसली. तिसऱ्या वर्षी ओळंबा सोडला तर भिंत माथ्यावर दोन इंच बाहेर गेलेली. शेवटी ती खोली उतरवावी लागली. कोणाला इजा झाली नाही हे नशीब.

भारवाहिनी:

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, नाशकातच काम करते. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. यावरून काम काढू नका, पण काय चाललंय ते कळेल.

कौलांचं वजन आधी धरा. मंगलोरी कौलं आणि रिपा मिळून उताराच्या एका चौरस मीटरला सुमारे ६५ किलो. ३० अंशांचा उतार, दोन्ही बाजूंना अडीच फुटांची पागोळी आणि दोन्ही टोकांना दोन-दोन फूट बाहेर धरलं, तर तुमच्या छपराचं क्षेत्र साधारण १,३४० चौरस फूट होतं. म्हणजे नुसती कौलं आणि रिपाच ८ टनांच्या आसपास. वासे, परलीन म्हणजे कैच्यांवर टेकणाऱ्या आडव्या दांड्या, दुरुस्तीला वर चढणारी माणसं हे सगळं याच्यावर.

आता ३६ फुटांचे चार गाळे करा, दर ९ फुटांवर एक कैची. गाळ्यात येणारं वजन एका कैचीवर पावणेतीन टनांच्या घरात जातं. तुळई न घालता वासे टेकवले तर हेच वजन भिंतीच्या माथ्याला बाहेर ढकलतं, आणि तो आडवा रेटा दर ९ फुटांवर सुमारे १,२०० किलो येतो. १२ फूट उंच, ९ इंच जाडीची विटांची भिंत हा रेटा घेऊ शकत नाही. वरच्या प्रतिसादातली दोन इंच बाहेर गेलेली भिंत याच रेट्यामुळे सरकली.

तुळई हा रेटा स्वतःच्या अंगावर घेते. दोन्ही पाखी एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात आणि तुळई त्यांना बांधून ठेवते. म्हणून ती ताणात असते. मधला खांब (आढ्यापासून तुळईपर्यंतच, जमिनीपर्यंत नाही) आणि दोन तिरके आधार असलेल्या साध्या कैचीत तुळईला सुमारे १,८०० किलोंचा ताण येतो. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या सागाला हा ताण काहीच नाही. लाकूड तुटत नाही, सांधा तुटतो. तुळई आणि मुख्य वासा जिथे भिंतीवर भेटतात, तो टाचेचा सांधा मी सगळ्यात आधी तपासते. खाच किती खोल, तिच्यापुढे तुळईचं किती लाकूड शिल्लक राहतं, पट्टी कुठली, बोल्ट टोकापासून किती आत. बोल्ट तुळईच्या टोकापासून त्याच्या जाडीच्या निदान सातपट आत हवा, नाहीतर लाकूड रेषेत फाटून बोल्ट बाहेर येतो.

वाऱ्याचाही विचार करा. आपल्या बांधकामाच्या संहितेत नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा पागोळीखालून छप्पर वर उचलतो. तुम्ही पुढे कधी कौलं काढून पत्रे घातलेत, तर छप्पर हलकं होतं आणि उचलण्याचा धोका वाढतो. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सलग आरसीसी पट्टा घ्या आणि त्यात ओतलेल्या बोल्टने कैची आवळा. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे, हा पट्टा तिथेही कामाला येतो.

गिरणारेकर:

ताई, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. १,२०० किलोंचा आकडा रात्रभर डोक्यात होता.

एक विचारू? सुतार आता म्हणतात, तुळई भिंतीवर नको असेल तर अर्ध्या उंचीवर आडवी पट्टी टाकू, वासे तिथे बांधले जातील. म्हणजे खालून मोकळंही दिसेल. हे कसं?

भारवाहिनी:

पट्टी जितकी वर, तितका तिच्यावरचा ताण जास्त. तुमच्या मापात अर्ध्या उंचीवर ती बांधली तर तिला सुमारे २,४०० किलो ओढावे लागतात, आणि पट्टीखालचा वासा वाकतो तो वेगळाच. वाकला की भिंत पुन्हा ढकलली जाते. लहान खोलीत, दहाबारा फुटांत, हे खपून जातं. २४ फुटांत नाही.

मोकळेपणा हवाच असेल तर तीन वाटा आहेत. तुळईऐवजी लोखंडी सळई, दोन्ही टोकांना आटे आणि मध्ये ताण देणारा नट. डोळ्याला ती जवळजवळ दिसत नाही. दुसरी वाट कात्रीसारख्या कैचीची: खालच्या बाजू तिरक्या वर जातात आणि मध्ये उंची मिळते, पण सांधे अवघड आणि बलं जास्त. तिसरी वाट म्हणजे आढ्यालाच इतकं जाड करायचं की ते तुळईसारखं वजन उचलेल. ३६ फुटांना ते लाकडात परवडत नाही आणि मध्ये खांब येतोच.

पहिली वाट मला आवडते. पण चौथीही सुचवते. भिंत एक फूट वाढवा आणि तुळई दिसू द्या.

रंधा:

मी सिन्नरकडचा, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. लिहायला वेळ लागतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

बघा दादा, ताईंनी हिशोब बरोबर मांडलाय. मी कामातलं सांगतो. मधला खांब असलेली कैची करताना बहुतेक जण एक चूक करतात. त्यांना वाटतं, मधला खांब तुळईवर उभा आहे आणि आढ्याचं वजन खाली देतो. तसं नसतं. तो खांब वरून लटकलेला असतो. दोन्ही वासे त्याला वर आवळतात आणि तो तुळईला खालून धरून ठेवतो, म्हणजे तुळई आपल्या वजनाने खाली झुकत नाही. म्हणून खांबाच्या बुडाला नुसतं कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) ठोकून चालत नाही. लोखंडी पट्टी तुळईच्या खालून वळवून दोन्ही बाजूंनी खांबाला बोल्टने बांधायची. माझ्या वडिलांनी सांगितलेली खूण अशी: खांबाचं बूड आणि तुळई यांच्यात बोटभर नाही, पण कागद जाईल एवढी फट ठेवायची. टेकलेला खांब वजन खाली देतो, लटकलेला देत नाही.

तुळई जमिनीवर मांडताना मध्याला अर्धा-पाऊण इंच वर उचलून घ्या. छप्पर चढलं की ती आपोआप सरळ होते. सरळ बांधली तर पोट पडलेलं दिसतं, आणि ते आयुष्यभर नजरेला खुपतं.

आडव्या दांड्या कैचीच्या सांध्यावरच बसवा, दोन सांध्यांच्या मध्ये नाही. मध्ये बसवली तर वासा वाकतो.

आणि सगळ्या कैच्या एकाच फरमावर कापा. जमिनीवर चुन्याने नाहीतर खडूने पूर्ण मापाची कैची आखायची, गुण्या लावून तपासायची, त्यावर पहिली जुळवायची. बाकीच्या तिच्यावर ठेवून कापायच्या. पाचही एकसारख्या आल्या तरच आढं एका रेषेत बसतं. पाव इंचाचा फरक पडला तरी कौलं बसवणाऱ्याला लगेच कळतो.

टोरांटोचा_नाशिककर:

इथे घरांच्या छपराला कैच्या कारखान्यातून तयार होऊन येतात. दोन इंची लाकडाचे तुकडे, सांध्यावर दात असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या दाबलेल्या, आणि कैच्या दर दोन फुटांवर. ही पद्धत १९५०च्या दशकात फ्लोरिडात सुरू झाली. वर बर्फ साचतो म्हणून आकडे इथल्या हवामानाचे असतात, तिकडे जसेच्या तसे लावू नका.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही देशात खऱ्या. कैचीचा एकही तुकडा नंतर कोणाच्या सोयीसाठी कापायचा नाही, पाइप न्यायला भोकसुद्धा पाडायचं नाही. आणि कैच्या उभ्या करतानाचा दिवस सगळ्यात धोक्याचा. एकटी कैची पत्त्यासारखी आडवी पडते आणि पहिली पडली की मागच्या सगळ्या नेते. पहिली कैची टोकाच्या भिंतीला पक्की बांधल्याशिवाय दुसरी उचलू नका, आणि तिरके आधार पहिल्या दिवसापासून लावा.

सागबन:

मामांच्या झाडांबद्दल लिहितो, मी पेठ-सुरगाणा पट्ट्यात राहतो. साग स्वतःच्या बांधावर असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ त्याला लागू होतो. तोडीनंतर मालावर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का लागतो आणि रस्त्याने न्यायला वाहतूक परवाना लागतो. यातली एक पायरी चुकवली तर माल रस्त्यात अडकतो, आणि तो सोडवताना होणारा मनस्ताप झाडांच्या किमतीपेक्षा मोठा असतो.

झाडं किती वर्षांची आहेत तेही बघा. पंधरा-वीस वर्षांच्या झाडात पांढरा भाग बराच असतो. वाळवी आणि भुंगा त्याच्यावर आधी येतात. गाभ्याचं लाकूड टिकतं, पण तेवढ्याशा झाडातून ४ बाय ६चा २६ फुटी सरळ नग निघत नाही. आणि नुकतं कापलेलं लाकूड लगेच वापरू नका. सावलीत, फळ्यांमध्ये चिपट्या घालून, इंचाला वर्ष असा जुना हिशोब आहे. चार इंची नगाला किती लागतील ते तुम्हीच बघा.

तिवंधा_गल्ली:

सागबन यांच्या मुद्द्याला जोडून. जुने वाडे उतरतात तेव्हा त्यांचा साग वखारीत येतो. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता आकसायचं काय ते आकसलंय. घेताना टोकं बघा. भिंतीत गाडलेला फूटभर भाग बहुतेक वेळा कुजलेला असतो, हातोडीने ठोकलं की पोकळ वाजतो. तो कापून उरलेली लांबी मोजा. जुन्या खाचा कुठे आहेत तेही बघा, मध्यावर खोल खाच असलेला नग तुळईला घेऊ नका. खिळे काढल्याशिवाय वखारवाला करवतीला लावणार नाही.

आमच्या वाड्याची लाकडं अशीच कोणाच्या तरी घरात गेली. ती चांगल्या घरात उभी असावीत असं अजून वाटतं.

मधमेश्वर:

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो, एवढा व्याप कशाला? लोखंडी पाइपच्या कैच्या आठ दिवसांत तयार होतात, वाळवी नाही, परवाना नाही, खर्चही कमी.

भारवाहिनी:

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि नुसतं छप्पर हवं असतं तर मीही पाइपच सांगितला असता. पाइपचं काम वाईट नाही. गंज आतून धरतो म्हणून टोकं बंद करायची आणि वेल्डिंग नीट तपासायचं, एवढं सांभाळलं की झालं. पण हे रोज डोळ्यासमोर असणारं छप्पर आहे. लाकडाची निवड ही गरज नाही, आवड आहे, आणि त्यांनी ती समजून केली तर तिला न्याय देणं माझं काम.

गिरणारेकर:

मधमेश्वर, तुमचा प्रश्न घरातही झाला. बायको म्हणाली, "घुंगरांचा आवाज पत्र्याखाली आणि लाकडाखाली सारखा येत नाही." माझ्यासाठी तेवढं पुरे.

तुळईचंही ठरलं. तिनेच सांगितलं, तुळई दिसू दे, भिंत १३ फूट करा. आता आईच्या झोपाळ्याचं कोणीतरी सांगा.

रंधा:

तुळईच्या मध्यावर नाही, कुठेच नाही. तुळई ओढायला केलीय, वाकायला नाही.

भारवाहिनी:

रंधादादांशी पूर्ण सहमत. त्यात हिशोब असा की झोपाळा हलला की कड्यांवरचं वजन वाढतं. ४५ अंशांपर्यंत झोका गेला तर खालच्या टोकाला ओढ बसलेल्या वजनाच्या दीडपटीहून थोडी जास्त होते. तीन माणसं मिळून २०० किलो, तर ३०० किलोंच्या वर, आणि ते दर दोन-तीन सेकंदांनी. त्या हिसक्याने बोल्टच्या खाचा सैल होतात. टोकाच्या भिंतीपासून पाच-सहा फुटांवर स्वतंत्र जाड तुळई घ्या, दोन्ही बाजूंना भिंतीतल्या आरसीसी पट्ट्यावर टेकलेली, कैचीला न लागणारी. तिच्यावर छपराचं काहीही येऊ देऊ नका.

पुढे सोलर पॅनल बसवायचे असतील तर आत्ताच सांगा. एकाच पाख्यावर बसतात, आणि एका बाजूचं वजन कैचीला दोन्ही बाजूंच्या वजनापेक्षा वेगळं जाणवतं.

गिरणारेकर:

चौदा महिन्यांनी लिहितोय. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

कैच्या पाच झाल्या, दोन टोकांच्या भिंतींना लागून आणि तीन मध्ये. ताईंनी साइटवर येऊन नकाशे दिले, टाचेचा सांधा दोनदा बदलायला लावला. मामांची झाडं तोडली नाहीत. ती अजून बांधावर उभी आहेत आणि आई म्हणते तिथेच बरी. लाकूड उतरवलेल्या वाड्याचं मिळालं. २६ फुटी अखंड नग नव्हते, म्हणून तुळई दोन नगांची, जोडावर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि सहा-सहा बोल्ट. एका कैचीला साडेबारा घनफूट लाकूड लागलं, वजन लोखंडासकट अडीचशे किलोंच्या आसपास. आठ जणांनी दोर आणि कप्पीने चढवली. तुळईची टोकं सिमेंटमध्ये गाडली नाहीत, भिंतीत तिन्ही बाजूंनी बोटभर हवा सोडली आणि खाली दगडी पाट दिला.

रंधादादा सिन्नरहून दोन दिवस आले होते. फरमा त्यांनीच आखून दिला. पैसे घेतले नाहीत, फक्त आईच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली. खांबाच्या बुडाची कागदाएवढी फट त्यांनी स्वतःच्या हाताने तपासली.

पहिला उन्हाळा गेला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळे नट पुन्हा आवळले. बहुतेक अर्धा आटा सरकले, तिसऱ्या कैचीतले दोन जवळजवळ पूर्ण फिरले. पहिला पावसाळा इकडे शहरापेक्षा बराच जास्त होता. एका कौलातून ठिबक आलं, ते बदललं. क्लास तिथे सुरू झालाय. मुली आता भिंतीपर्यंत चक्कर घेत जातात.

एक काळजी आहे. चौथ्या कैचीच्या तिरक्या आधारात लांबीने दोन फुटांची भेग दिसतेय, केसापेक्षा जरा रुंद. काही करावं का?

भारवाहिनी:

रेषेच्या दिशेने असेल आणि बोल्टच्या ओळीतून जात नसेल तर ती वाळण्याची भेग आहे. आधार दाबात काम करतो, त्याला तिचा त्रास नाही. पण दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुढच्या मेमध्ये खुणेच्या पुढे गेली असेल तर फोटो पाठवा, मी येऊन बघते.

रंधा:

पेन्सिल नको दादा, पावसाळ्याच्या दमट हवेत ती पुसट होते. पटाशीने बारीक रेघ मारा, दोन्ही टोकांना, आडवी. वर्ष तिच्या शेजारीच कोरा.

गिरणारेकर:

आज संध्याकाळी शिडी लावून केलं.